उत्तर सांगावे की खूण?



रविवारची मिस्सा संपली की आवारातल्या पायऱ्यांवर आम्ही चार-पाच जण वर्तमानपत्रातले शब्दकोडे घेऊन बसतो, हे आपण पाहिले असेल. मी पूर्वी शाळेत शिकवीत असे. त्यामुळे सगळे मला सर म्हणतात आणि अडलेला शब्द माझ्याकडे येतो. काही महिन्यांपूर्वी आमच्यातले सर्वांत वयस्कर आप्पा एका शब्दावर बराच वेळ अडले होते. त्यांच्या हाताला कंप असतो, पेन्सिल मुठीत धरून लिहितात. मला उत्तर दिसले आणि मी ते बोलून टाकले. आप्पांनी पेन्सिल माझ्यापुढे ठेवली. "मग तुम्हीच भरा की, सर," असे म्हणून ते उठून गेले. पुढचे दोन रविवार ते पायरीवर बसले नाहीत.

मी त्यांना मदत केली होती की त्यांच्या हातातले काही काढून घेतले होते? प्रश्न लहान दिसतो, पण तो माझ्या डोक्यातून जात नाही.

आधी कोड्याविषयी थोडे सांगतो, कारण नव्याने बसणाऱ्यांना आमची भाषा कळत नाही. वर्तमानपत्रात बहुधा सरळ अर्थ दिलेला असतो. आम्ही कधी कधी इंग्रजी धर्तीवर आपसांत कूट सूचना रचतो. उदाहरणार्थ : 'गुरुजी आणि क्रिकेटमध्ये बोट वर करणारे मिळून गावाचा कारभार बघतात, चार अक्षरे.' गुरुजी म्हणजे सर, बोट वर करणारे ते पंच, झाले सरपंच. किंवा : 'गरीब उलटला तर पाणी वाहते, दोन अक्षरे.' गरीब म्हणजे दीन, तो उलटा वाचला की नदी. तिसरी अशी : '"आबा, जार आणा" या हाकेत दडला आहे आठवड्यातून एकदा भरणारा.' या हाकेतली अक्षरे सलग वाचा, मध्ये 'बाजार' सापडतो. (इंग्रजीत अक्षरे सुटी असतात, हवी तशी विस्कटता येतात. आपल्याकडे काना-मात्रा अक्षराला चिकटून येतात, म्हणून तो प्रकार मराठीत अवघड जातो.)

या तिन्ही सूचनांना दोन दरवाजे आहेत. एका बाजूने सरळ अर्थ, दुसऱ्या बाजूने अक्षरांचा खेळ. आणि दोन्हींकडून आत गेले की एकच शब्द भेटतो. म्हणून सोडवणाऱ्याला 'बरोबर आहे का?' असे कोणाला विचारावे लागत नाही. उत्तराचा पुरावा उत्तरातच असतो. मी नुसते 'सरपंच' म्हटले तर तुम्हाला माझ्यावर विश्वास ठेवावा लागतो. मी 'क्रिकेटमध्ये बोट वर कोण करतो?' एवढेच विचारले तर थोड्या वेळाने तुम्हाला माझी गरजच उरत नाही. शिकवणाऱ्याच्या अहंकाराला हे सोसत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. उत्तर सांगताना मला आप्पांची अडचण कमी आणि माझी हुशारी जास्त दिसत होती.

सूचना देणाऱ्यावरही बंधन असते. तो फसवू शकतो, पण लागणारे सगळे त्याने सूचनेतच ठेवले पाहिजे. एके काळी प्रवेश फी घेऊन शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धा चालत. एका जागी दोन-तीन शब्द सारखेच बसत आणि 'बरोबर' शब्द संयोजकांकडे आधीच मोहरबंद असे. मुंबई राज्याने १९४८ साली अशा स्पर्धांसाठी कायदा केला. आर. एम. डी. चमारबागवाला यांच्या स्पर्धेचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९५७ साली न्यायालयाने ती स्पर्धा जुगार ठरवली. पुरावा पाकिटात असला की बुद्धीला काम उरत नाही, नशिबाला उरते.

शमशोनाचे कोडे आठवा. त्याने सिंह मारला होता, त्या सांगाड्यात मधमाश्यांनी केलेला मध खाल्ला होता आणि लग्नाच्या मेजवानीत त्यावरच तीस सोबत्यांना कोडे घातले. लहानपणी मला त्या सोबत्यांचा राग येई, कारण त्यांनी नवरीला धमकावून उत्तर काढून घेतले. आता वाटते की कोडेही न्यायाचे नव्हते. सिंह त्याने एकट्याने पाहिला होता. ज्याला माहीत नाही त्याने शब्दांवरून तिथवर पोहोचायचे कसे? पैज तीस पोशाखांची होती, आणि ती फेडण्यासाठी अश्कलोनमधल्या तीस माणसांचे जीव गेले.

याच्या अगदी उलट गोष्ट आपल्या एरंडोलच्या वाटेवरची आहे. एकचक्रानगरी म्हणजे हेच गाव, अशी इथली जुनी आख्यायिका. लाक्षागृहातून वाचलेले पांडव तिथे येऊन राहिले असे महाभारत सांगते. ते वाचले कसे? वारणावताला निघताना विदुराने युधिष्ठिराला कूट भाषेत सावध केले होते : लोखंडाचे नसलेले शस्त्र, बिळात राहणाऱ्याला न जाळणारा वणवा, साळिंदराचे घर. आसपास शत्रूचे कान होते, उघड बोलणे शक्य नव्हते. पण लागणारे सगळे त्या शब्दांत होते आणि युधिष्ठिराला ते उमगले. पुढे कुंतीने विचारले, "विदुर काय म्हणाला?" तेव्हा युधिष्ठिराने तिला खुणा देत बसवले नाही. घराला आग लागण्याचे भय आहे, वाटा माहीत करून घ्यायच्या आहेत, असे सरळ सांगितले.

इथे माझाच नियम मला अपुरा वाटू लागतो. दवाखान्याची चिठ्ठी घेऊन एखादी आजी येते, बँकेचा कागद कोणाला कळत नाही, तिथे 'विचार करा, सापडेल' म्हणणे हा निर्दयपणा होईल. तिथे उत्तरच द्यावे, लगेच द्यावे. मग कुठे थांबायचे आणि कुठे सांगायचे? मला एवढेच सुचते की समोरच्याला उत्तर हवे आहे की शोधणे हवे आहे, हे त्यालाच विचारावे. आप्पांना मी विचारले नव्हते.

इंग्लंडमध्ये जॉन ग्रॅहम नावाचे अँग्लिकन धर्मगुरू १९५८ पासून 'गार्डियन' वर्तमानपत्रासाठी कोडी रचत, पुढे 'अराउकारिया' या टोपणनावाने. जानेवारी २०१३ मध्ये त्यांच्या एका कोड्यात, अमुक आडवा, तमुक उभा शब्द भरला की, रचणाऱ्याला अन्ननलिकेचा कर्करोग झाला आहे ही बातमी वाचकांना कळत होती. ती त्यांनी चौकोन भरत भरत वाचली. त्याच वर्षी नोव्हेंबरात, वयाच्या ९२ व्या वर्षी, ते वारले. त्या वाचकांना आधीच कोणी उत्तरे सांगितली असती तर बातमी तीच राहिली असती, तरीही मला ते बरे वाटत नाही. का, हे मला अजून नीट मांडता येत नाही.

तिसऱ्या रविवारी मीच आप्पांच्या घरी गेलो. माफी मागितली. ते हसले आणि म्हणाले, "सर, मला घाई कशाची? माझ्याकडे आता वेळच तर आहे." आता ते पुन्हा पायरीवर येतात. परवा त्यांनी स्वतः रचलेली एक सूचना मला घातली आणि मी चांगला पाऊण तास अडलो. पोरे हसत होती, आप्पा मात्र गप्प बसून होते. ती सूचना त्यांच्या परवानगीने इथे देतो : 'गळ्यात पडला तर मान वाढतो, पदरी पडली तर मान खाली जाते. दोन अक्षरे.'

उत्तर पुढच्या रविवारच्या पत्रिकेत छापणार नाही. कोणी अडले तर आप्पा पायरीवर भेटतील. पण खूण हवी की उत्तर, ते आधी सांगा.