प्रकाशाचा प्रवाह आणि वाटेतला धोंडा

आदिशक्ती मुक्ताई तापीतीरी विजेच्या लोळात गुप्त झाल्या, हे खानदेशात लेकराबाळांनाही ठाऊक आहे. त्यामुळे प्रकाशाविषयी काही नवे कानी आले की आम्हां तिकडच्या वारकऱ्यांचे कान टवकारतात. शास्त्रज्ञांनी उजेडाला पाण्यासारखे वाहायला लावले, आणि वाटेत अडथळा आला तरी त्याला धक्का म्हणून लागला नाही, हे ऐकताच कित्येक जण म्हणाले, "हे तर माउलींनी आधीच सांगून ठेवलंय!" आम्हांस हे पटत नाही. संतवचनाला प्रयोगशाळेचा दाखला लागत नाही. आणि दुसऱ्याने घाम गाळून मिळविलेले श्रेय फुकट आपल्या पदरी बांधून घेणे हे काही साधूपण नव्हे.

मूळ गोष्ट अशी. १९३८ साली रशियात कापित्सा आणि इंग्लंडात ॲलन व माइझनर यांना आढळले की, हेलियम वायूचा द्रव शून्याखाली सुमारे २७१ अंशांपर्यंत थंड केला म्हणजे तो घर्षणावाचून वाहतो. कणांचा वेगवेगळा धुडगूस संपून ते सारे एका चालीत येतात. उजेडाचे तसे नव्हे. दोन कंदिलांचे झोत एकमेकांतून आरपार जातात, कोणी कोणास ओळखत नाही. म्हणून तो दोन आरशांत कोंडून, मध्ये अर्धवाहक पदार्थाचा पातळ थर ठेवून, पदार्थाशी त्याची सांगड घालतात. मग त्याला अल्पसे वजन आल्यासारखे होते, कण एकमेकांस रेटू लागतात आणि प्रवाह बनतो. २००९ साली पॅरिसमध्ये हा प्रवाह अडथळ्यावरून लाट न उठविता गेलेला दिसला. २०१७ साली इटलीत लेच्चे येथे तेच साध्या खोलीच्या उष्णतेत साधले. मात्र दोन अटी आहेत. वेग ठराविक मर्यादेच्या आत हवा; ती ओलांडली की लाटा उसळून प्रवाह विस्कटतो. शिवाय आरशांतून उजेड क्षणाच्याही अतिसूक्ष्म अंशात गळून जातो, तेव्हा तो एकसारखा ओतत राहावा लागतो. एक दिवस हरिपाठ चुकला की मनाचे काय होते, हे माळकऱ्यास निराळे सांगायला नको.

दिंडीत टाळाच्या ठेक्यावर पाय एक झाले की चिखल, ऊन, चढ काही जाणवत नाही. कोथळीहून पंढरीपर्यंत महिनाभर चालणाऱ्याला हा अनुभव आहे. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली. कर्म करूनही त्याचा भार उरत नाही अशी अकर्माची स्थिती त्यांनी तिथे उलगडली. इथवर ठीक.

पण आमचे मन अडते ते पुढे. त्या प्रवाहाला धोंड्याचा धक्का लागत नाही, तसा धोंड्यालाही प्रवाहाचा लागत नाही. धोंडा होता तिथेच राहतो! वारीच्या वाटेवर कोणी म्हातारी पाय सुजून बसली आहे आणि आमची दिंडी नामात रंगून बाजूने निघून गेली, तर ती निर्विकारता म्हणावी की निष्ठुरपणा? "चाल मोडू नये" हा नियम चांगलाच. पण कुणासाठी?

ती धुळ्याची प्रवचने ज्यांनी लिहून घेतली ते साने गुरुजी. अमळनेरच्या शाळेत शिकविलेले, खानदेशाने आपले मानलेले. अनासक्तीचे ते बोल त्यांच्याच हाताखालून गेले होते. पंढरीच्या देवळात हरिजनांना मज्जाव होता, आणि पिढ्यान्‌पिढ्या आपण सारे त्या धोंड्यावरून नाम घेत सुखरूप वाहत आलो होतो. गुरुजी वाहिले नाहीत. आधी महाराष्ट्रभर हिंडून त्यांनी लोकांस विनविले आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषणाला बसले. चाल मोडली, लाटा उठल्या, शिव्याशापही झाले. आमच्या मते त्या दहा दिवसांत तिथे अकर्म नव्हते असे म्हणणाराने विनोबा पुन्हा वाचावेत. देऊळ पुढे सर्वांना उघडले. त्या वेळी विरोध करणारेही विठ्ठलाचेच नाव घेत होते.