सस्पेन्स खातं

बी.कॉम.ला असताना मी नफ्या-तोट्याचा ताळेबंद मांडायला शिकलो. भूक कुणाच्या खात्यावर टाकायची, ते मात्र कुणी शिकवलं नाही. परवा हीच अडचण उभी राहिली, आणि तीही कोंबड्यांच्या शेडमध्ये.

कर्जाची पाहणी होती, नाशिक रस्त्याला. साहेब पाहणार, मी रजिस्टर काखेत धरणार. आत शिरताना बूट जंतुनाशकात बुडवायला लावले, अंगावर कोट चढवला. आयुष्यात प्रथमच मी डॉक्टरसारखा दिसलो, तोही बारा आठवड्यांच्या तलंगांना! या मोठ्या झाल्या की यांच्या अंड्यांतून ब्रॉयलरची पिल्लं निघणार.

"अंडी हवीत म्हणजे यांना पोटभर खायला घालत असाल?" मी शहाणपणा पाजळला. माझी आजी परड्यातल्या कोंबडीला तेच करायची.

मालक हसले. "पोटभर घातलं तर अंडी बुडाली, साहेब!"

त्याचं असं आहे, की ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोंच्या वर जातो, आणि ही वाढीची हाव त्याला आई-बापांकडूनच मिळते. आईला मोकळं सोडलं तर ती खात सुटते. अंगावर चरबी चढते, पाय अधू होतात, एका वेळी नको तितके बलक पिकतात, दोन बलकांची, उबवायला निरुपयोगी अंडी पडतात, आणि पुष्कळजणी अकाली मरतात. म्हणून खाद्य मोजून. वाढीच्या वयात तर ती खाईल त्याच्या निम्म्याहूनही कमी. दर आठवड्याला काही पक्षी तोलायचे, तक्त्याशी ताडायचे. नुसती सरासरी जमून भागत नाही. सरासरीच्या दहा टक्के वर-खाली यात किती बसतात तेही पाहायचं. दांडगीने दोघींचं खाल्लं तरी सरासरी जमतेच ना! (हे आमच्या हेड ऑफिसला कुणीतरी समजावायला हवं.)

"उपाशी ठेवतो ते त्यांच्याच भल्यासाठी," मालक म्हणाले.

हे वाक्य मी रोज ऐकतो. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितल्यापासून आमची ही माझ्या ताटातली दुसरी पोळी उचलते, ती याच वाक्यावर. पण बटाटेवडे मी माझ्या हाताने खाल्ले होते. या तलंगांनी काय केलं होतं? त्यांच्या पोटात न भागणारी भूक पिढ्यान्‌पिढ्या निवडून आपणच घातली आणि आता, खाल्लंस तर मरशील, म्हणून ताटही आपणच ओढतो. मालकांना दोष द्यावा, तर पोटभर घालणं जास्त क्रूर. हळू वाढणाऱ्या जाती आहेत. त्यांच्या आयांना इतकं उपाशी ठेवावं लागत नाही. पण ती कोंबडी महाग पडते, आणि रविवारी दुकानात भाव विचारून कपाळाला आठ्या घालणारा मीच. नोंद कुणाच्या नावे करायची, ते कळेना. बँकेत अशा रकमा आम्ही सस्पेन्स खात्यात टाकतो.

तेवढ्यात खाद्य पडलं. झुंबड उडाली. अर्ध्या तासात भांडी लख्ख. नंतरही त्या रिकाम्या भांड्यांवर चोच मारत राहिल्या. टक्, टक्, टक्. साहेबांनी 'समाधानकारक' असा शेरा लिहिला, मी शिक्का मारला.

रात्री हिने दुसरी पोळी उचलली. मी काही बोललो नाही.

"अहो, तो चमचा काय वाजवताय मघापासून ताटावर?" ही आतून म्हणाली.