इशारा आणि मधला माणूस

आपल्याकडे वसंत येतो तो आंब्याच्या मोहोराने आणि कोकिळेच्या हाकेने. चैत्र-वैशाखातल्या एखाद्या दुपारी आभाळ भरून येते, वारा सुटतो आणि वळवाची सर मातीचा वास उठवून निघून जाते. हिमालयातला वसंत इतका सालस नाही. फेब्रुवारी सरत आला की उत्तराखंड, हिमाचल, काश्मीर या प्रदेशांसाठी निघणाऱ्या हवामानखात्याच्या पत्रकांत एकाच घाटाची वाक्ये पुन्हापुन्हा दिसू लागतात : सखल भागात मेघगर्जनेसह पाऊस व गारा, उंच भागात बर्फवृष्टी, ताशी चाळीस ते पन्नास किलोमीटर वेगाचे वारे. सोबत रंग असतो. हिरवा म्हणजे काळजी नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा आणि तांबडा म्हणजे हालचाल करा.

ही पत्रके वाचताना मला जो प्रश्न पडतो तो हवामानशास्त्राचा नाही, नीतीचा आहे. इशारा देणाऱ्याचे कर्तव्य इशारा देण्याने संपते काय? आणि संपत नसेल, तर पुढचे ओझे कोणाच्या खांद्यावर जाते?

आधी ते आभाळ थोडे समजून घेऊ. भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे वादळी पट्टे, ज्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतात, ते हिवाळ्यात हिमालयावर बर्फ घालतात आणि वसंतातही अधूनमधून येत राहतात. तोवर दरीतली जमीन उन्हाने तापू लागलेली असते. सकाळी तापलेली हवा डोंगराच्या अंगाने वर चढते, वरच्या गार हवेला भिडते आणि दुपारपर्यंत काळ्या ढगांचे मनोरे उभे राहतात. हवा दर हजार मीटर उंचीला साधारण सहा अंशांनी थंडावते. त्यामुळे एकच ढग पायथ्याच्या गावात पाऊस पाडतो, मधल्या शेतावर गारा टाकतो आणि खिंडीत हिमवादळ घडवतो. सकाळी निरभ्र, दुपारी प्रलय, संध्याकाळी पुन्हा चांदणे, असा हा खेळ असतो. म्हणूनच डोंगरात पहाटे निघावे आणि दुपारच्या आत खिंड उतरावी, असा दंडक आहे.

मात्र कोणत्या दरीत ढग फुटेल हे नेमके सांगणे अवघड असते. डोंगर रडारची नजर अडवतात. कुफ्री आणि मुक्तेश्वर येथे डॉप्लर रडार बसले ते २०२१ साली. यंत्रे वाढली तरी इशारा हा संभवाचाच असतो. दहा दऱ्यांना इशारा द्यावा आणि वादळ तिघींतच यावे, असे होणारच. उरलेल्या सात दऱ्यांतले लोक मग म्हणतात, 'लांडगा आला रे!'

ही उपमा मला अन्यायाची वाटते. गोष्टीतला मुलगा लांडगा नसताना गंमत म्हणून ओरडला होता. वेधशाळेतला माणूस झाडीत हालचाल पाहून ओरडतो. लांडगा वाटेतून परत फिरला, म्हणून ओरडणारा खोटा ठरत नाही. खोटे बोलणे आणि बोललेले खरे न होणे यांत जो फरक आहे, तो आपण हवामानाच्या बाबतीत हमखास विसरतो.

या विसराळूपणाचा इतिहास जुना आहे. डार्विनला जगप्रवासाला नेणाऱ्या 'बीगल' जहाजाचे कप्तान रॉबर्ट फिट्झरॉय पुढे ब्रिटनच्या हवामानखात्याचे पहिले प्रमुख झाले. १८५९ साली 'रॉयल चार्टर' हे जहाज वादळात फुटून चारशेंहून अधिक माणसे बुडाली. त्यानंतर, १८६१ पासून, फिट्झरॉय यांनी बंदरांवर वादळाच्या खुणा चढवायला सुरुवात केली. अंदाज चुकला की वृत्तपत्रे टर उडवीत. १८६५ मध्ये त्यांनी स्वतःचे जीवन संपवले आणि पुढच्या वर्षी वादळाचे इशारेही बंद झाले. पण ज्यांचे प्राण समुद्रावर टांगलेले होते, त्यांना ते हवेच होते. मागणी झाली आणि १८६७ मध्ये इशारे पुन्हा सुरू झाले. हसणारे कोरड्या जमिनीवर होते. बोटीवरच्या माणसाला चुकू शकणारा इशाराही नसलेल्या इशाऱ्यापेक्षा मोलाचा वाटला.

आता ऐकणाऱ्याकडे वळू. २०२४ च्या जूनच्या आरंभी उत्तरकाशीच्या वरच्या अंगाला, सहस्रतालच्या वाटेवर, बावीस जणांची तुकडी हिमवादळात सापडली. त्यांत आपल्या कर्नाटकातले अठरा जण होते, महाराष्ट्रातला एक होता आणि तिघे स्थानिक वाटाडे होते. नऊ जण दगावले, तेरा वाचले. हळहळ सर्वांनाच वाटली, पण 'कोणी सांगितले होते तिकडे जायला?' असा शेराही त्या दिवसांत कानांवर पडला. तो मला पटत नाही. डोंगराची ओढ हा गुन्हा नाही. सज्ञान माणसाला स्वतःचा जीव पणाला लावण्याचा हक्क आहे, आणि तो हक्क काढून घेतला तर शिखरेही गेली आणि समुद्रपर्यटनेही गेली. मात्र त्या हक्काची हद्द स्वतःच्या जिवापाशी संपते. वाटाड्या आणि हमाल पोटासाठी बरोबर येतात. सुटकेला जाणारे जवान आणि वैमानिक कर्तव्य म्हणून येतात. यांचा विचार करूनच हौसेचे माप ठरवायला हवे.

याहून अवघड प्रसंग २०२५ सालचा आहे. बद्रीनाथच्या पलीकडे, सुमारे साडेदहा हजार फुटांवर, माणा हे सीमेवरचे गाव आहे. २८ फेब्रुवारीच्या सकाळी तिथे सीमा रस्ते संघटनेच्या कामावरील मजुरांच्या तळावर हिमस्खलन झाले. चोपन्न जण अडकले, शेहेचाळीस वाचले, आठ मेले. ज्या लोखंडी कंटेनरांत ते राहत होते, त्यांच्याच आडोशाने अनेकांचे प्राण राखले. त्या भागाला हिमस्खलनाचा इशारा आदल्या दिवशीच दिला गेला होता. दोष कोणाचा हे ठरवणे माझे काम नाही. सीमेवरचा रस्ता उघडा राहणे हीही देशाची गरज आहे. मला फक्त त्या मजुराच्या जागी उभे राहून पाहायचे आहे. घरापासून शेकडो कोस दूर, रोजंदारीवर आलेल्या माणसाने, समजा, इशारा ऐकला, तर त्याने करायचे काय? तळ कुठे असावा हे त्याने ठरवलेले नसते. काम कधी थांबवावे हे त्याच्या हाती नसते. स्वतःच्या मर्जीने खाली उतरावे, तर खाडा पडतो. ज्याला हलण्याची मुभा नाही, त्याच्या हातात तांबडा रंग ठेवून आपण 'सांगितले होते' असे म्हणू शकतो काय?

महाभारतात विदुराने दोन इशारे दिले. एक धृतराष्ट्राला. तो त्याने ऐकला, त्याला तो पटलाही, पण पुत्रमोहाने त्याने काही केले नाही आणि लक्षावधी परक्या मुलांना कुरुक्षेत्रावर त्याची किंमत मोजावी लागली. दुसरा इशारा लाक्षागृहाचा. पांडव वारणावताला निघाले तेव्हा विदुर भर गर्दीत युधिष्ठिराशी इतरांना न कळणाऱ्या, पण युधिष्ठिराला नेमक्या समजणाऱ्या भाषेत बोलला. एवढे करून तो थांबला नाही. त्याने मागाहून भुयार खणणारा माणूस धाडला. ऐकणाऱ्याला उमजेल अशी भाषा आणि बाहेर पडायला वाट, या दोन गोष्टी जोडल्या तेव्हा कुठे तो इशारा पुरा झाला. पण त्याच रात्री त्या घरात आणखी सहा जीव झोपले होते, एक निषाद स्त्री आणि तिचे पाच मुलगे. त्यांना कोणीच उठवले नाही. ज्यांना इशारा मिळाला होता, ते भुयारातून निघून गेले. पांडव वाचल्याचा आनंद मानताना या सहा जणांची राख आपल्या डोळ्यांसमोर येत नाही, हे मला नेहमी खटकते.

माझे म्हणणे इथे येऊन ठेपते. इशारा देणारा आणि संकट सोसणारा यांच्यामध्ये नेहमी एक मधला माणूस असतो. तो कंत्राटदार असेल, तुकडीचा म्होरक्या असेल, अधिकारी असेल, घरातला कर्ता असेल. इशाऱ्याची नीती या मधल्या माणसापाशी ठरते. मी मुख्याध्यापक आहे, म्हणजे मीही मधलाच. शाळेत सूचनावही फिरते. शिपाई ती वर्गावर्गांत नेतो, शिक्षक खाली सही करतात आणि सूचना पोहोचली असे कागद मानतो. मुलांच्या कानांवर काय पडले आणि त्यांतले किती उमगले, हे सहीवरून कळत नाही. आपल्यासारख्या दुभाषी जिल्ह्यांत तर हे वेगळे सांगायला नको. फलक एका भाषेत आणि घर दुसऱ्या भाषेत, अशा ठिकाणी सरकारी कागद पोहोचल्याची नोंद होते आणि म्हातारी आजी मात्र 'काय रे लिहिलंय?' म्हणून नातवाला विचारत बसते. औषधाच्या चिठ्ठीपासून पुराच्या सूचनेपर्यंत हेच चालते. भाषा हा अस्मितेचा प्रश्न असेलही, पण संकटाच्या वेळी तो जिवाचा प्रश्न असतो.

यावर एक आक्षेप येईल. प्रत्येक नारिंगी रंगाला घाबरलो, तर शाळा, शेती, रस्ते चालायचे कसे? पावसाळ्यात सुट्टी जाहीर व्हावी आणि त्याच दिवशी लख्ख ऊन पडावे, हा अनुभव आपल्या सर्वांचा आहे. पालक हसतात, मुले खेळतात, एक तासिका बुडते. आक्षेप खरा आहे. सावधपणाला किंमत पडतेच. प्रश्न इतकाच की ती किंमत कोणी द्यायची? तासिका बुडाली तर शनिवारी भरून काढता येते. मजुराचा बुडालेला दिवस त्याच्या चुलीवर दिसतो. म्हणून माझ्या मते, ज्याच्या हाती थांबवण्याचा अधिकार आहे, थांबण्याचा खर्चही त्यानेच उचलला पाहिजे. अधिकार वर आणि खर्च खाली अशी वाटणी असेल, तोवर खालचा माणूस इशारा ऐकूनही कामावर जात राहील, आणि आपण त्याला बेफिकीर म्हणत राहू.

डोंगरावरचा ढग कोणाला अडवता येत नाही, आणि तो नेमका कुठे फुटेल हेही दर वेळी सांगता येणार नाही. पण ढग दिसल्यावर माणसाला त्याच्या भाषेत 'आज काम बंद, खाली उतर, मजुरी मिळेल' एवढे सांगणे मधल्या माणसाच्या हातात आहे. त्यातला शेवटचा शब्द गाळला, तर आधीचे सगळे शब्द वाऱ्यावर जातात.