दुसरा बाण कोण मारतो?



साखरेच्या आजारात पायाच्या नसा बधिर होतात. खडा टोचला, चप्पल लागली तरी कळत नाही. रक्त पुरेसे पोहोचत नाही म्हणून जखम चिघळते, आणि शेवटी जीव वाचविण्यासाठी पाय काढावा लागतो. टाके सुकल्यावर माणूस घरी येतो. मग कोणी सहज बोलून जाते, "मागच्या जन्मीचं भोगतोय." बौद्ध झालेल्या घरात या वाक्याला जागा आहे काय?

सीवक नावाच्या परिव्राजकाने तथागतांना हेच विचारले होते. माणसाचे सारे सुखदुःख पूर्वकर्माचे फळ असते काय? तथागतांनी पित्त, कफ, वात, ऋतुबदल, आघात अशी कारणे एकेक करून सांगितली व सारा दोष पूर्वकर्मावर टाकणाऱ्यांचे म्हणणे चुकीचे ठरविले. परमपूज्य बाबासाहेबांनीही गतजन्माचा कर्मवाद नाकारला. कारण त्याने समाज आपल्या जबाबदारीतून सुटतो.

तथागत म्हणत, शरीराचे दुःख हा पहिला बाण. त्यावर मनाने केलेला शोक हा दुसरा. पाय गेला हा पहिला बाण. "आता मी कोणाच्या कामाचा?" हा दुसरा. या दुसऱ्या बाणाने झोप उडते, औषधपाणी टळते आणि उरलेल्या पायाकडेही दुर्लक्ष होते.

परंतु "मन खंबीर ठेव" एवढे सांगून आपण मोकळे झालो, तर तोही एक नवा कर्मवादच! दोष पुन्हा रोग्याच्याच माथी.

एक भिक्षू अतिसाराने स्वतःच्या मलमूत्रात पडून होता. इतर भिक्षू तुझी शुश्रूषा का करीत नाहीत, असे भगवंतांनी विचारले. तो म्हणाला, मी त्यांच्या काही उपयोगी पडत नाही म्हणून. भगवंतांनी त्याला उपदेश केला नाही. आनंदाकडून पाणी आणविले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून बिछान्यावर निजविले. मग उपदेश केला, तो संघाला! माणसाची किंमत उपयोगावर ठरविणे हाच तो दुसरा बाण. तो पुष्कळदा घरचेच मारतात.

बाबासाहेब स्वतः मधुमेहाने ग्रासलेले होते, पाय दुखत. 1954 साली ते कित्येक महिने आजारी होते. तरी 25 डिसेंबरला आपल्या पुण्याजवळ देहूरोडला येऊन त्यांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. पण त्यांनाही आधाराचा हात लागे. आधार घेणे ही लाज नव्हे.

म्हणून आपले कर्तव्य साधे आहे. काढलेला पाय ठणकतो असे रोगी म्हणाला, तर हसू नका, देवऋषीही आणू नका. तो नसांचा व मेंदूचा व्यवहार आहे, डॉक्टरांना सांगा. पुण्यात 1944 पासून लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र आहे. तेथे नागरिकांनाही पाय बसवितात. चौकशीला सोबत जा. दुसरा पाय रोज तपासा. घरातला निर्णय त्याला विचारून करा. विहाराची पायरी त्याला चढवत नसेल, तर वंदनेला त्याच्या अंगणात बसा.

विहारात आपण करुणेचा उच्चार रोज करतो. तिची परीक्षा त्या अंगणात आहे.