परक्या नगरीचे हित

दूरदेशी गेलेल्यास घराची ओढ लागणे हा अविश्वास नव्हे. बाबेलमधील बंदिवानही सीयोनाच्या आठवणीने रडले. मग नव्या नगरीत रमणे ही जुन्या घराशी प्रतारणा ठरते काय? यिर्मयाने त्या बंदिवानांना पत्राने कळविले (अध्याय २९), की घरे बांधा, बागा लावा आणि ज्या नगरीने तुम्हांस नेले तिच्याच हितासाठी प्रार्थना करा. प्रार्थना केल्याने यरुशलेमचा विसर पडला नाही. परकेपणाचा कडवटपणा मात्र गेला.

लखनौच्या चारबाग स्थानकावर आजही अनेक मराठी माणसे एकाकी मनाने उतरतात. याच शहरात भातखंड्यांनी १९२६ साली संगीत महाविद्यालय स्थापिले. मुंबईत जन्मलेल्या रातंजनकरांनी तेथे अनेक वर्षे प्राचार्यपद सांभाळून शिष्य घडविले. एकाकीपणा कुरवाळल्याने वाढतो, शेजाऱ्याच्या उपयोगी पडल्याने ओसरतो. चारबाग म्हणजे चार बागा. तेथे उतरणाऱ्याने आपलेही एक रोप लावावे.