भाडेकरू पाहावा ठेवून

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपले पूर्वज सांगून गेले. भाडेकरू ठेवून पाहण्याबद्दल ते काहीच बोलले नाहीत. बहुधा त्यांनी एखादा ठेवला असावा, आणि त्यानंतर बोलायची ताकद उरली नसावी.

साताऱ्याच्या वारांच्या पेठांतून फिरा, नाहीतर सांगलीत गावभागातून विश्रामबागेपर्यंत या. 'जागा भाड्याने देणे आहे' ही पाटी कुठे ना कुठे दिसतेच. पाटीवर अक्षरं चार, अटी मात्र मालकाच्या पोटात चाळीस. जागा बघायला गेलेल्या माणसाची जी तपासणी होते, तिच्यापुढे मुलगी बघण्याचा कार्यक्रम म्हणजे करमणूक. तिथे निदान कांदेपोहे तरी मिळतात.

घरमालकाची टिंगल करणं सोपं आहे. पण त्याची भीती खोटी नाही, हे आधी कबूल केलं पाहिजे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यानं १ सप्टेंबर १९४० चं भाडं प्रमाण धरलं. समजा, तेव्हा एका खोलीला सहा रुपये पडत होते. पुढे साखर वाढली, सोनं वाढलं, घरपट्टी वाढली, मालकाला नातवंडं झाली. भाडं आपलं सहा रुपये. भाडेकरूनं स्वतःचा बंगला बांधला, त्याला कुलूप लावलं आणि सहा रुपये द्यायला तो स्कूटरवरून वाड्यात येऊ लागला, अशा कहाण्या प्रत्येक गावात आहेत. म्हणून हुशार मालकांनी 'भाडं' हा शब्दच टाकून दिला आणि लायसन्सवर जागा द्यायला सुरुवात केली. तर सरकारनं कायदा दुरुस्त करून १ फेब्रुवारी १९७३ रोजी अशा चालू करारानं राहत असलेल्यांनाही भाडेकरू ठरवलं. माणसं रात्री लायसन्सवाली म्हणून झोपली आणि सकाळी भाडेकरू म्हणून उठली. एवढं दुधानं तोंड पोळल्यावर मालकानं ताक फुंकून प्यायलं, तर त्याला हसू नये.

पण ३१ मार्च २००० पासून नवा कायदा लागू झाला आहे आणि आता फुंकायचं कसं, हे त्यात लिहिलेलं आहे. करार लेखी करा आणि नोंदवा. ही जबाबदारी मालकाची आहे. नोंदवला नाही आणि वाद निघाला, तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते आधी खरं धरतात. खोटं आहे हे सिद्ध करत मालकानं बसायचं. भाड्याची पावती द्या. अनामत किती, परत कधी, जाताना रंगाचा खर्च कोणाचा, हे कागदावर घ्या. विजेचं रीडिंग दोघांनी मिळून बघा. भांडण झालं म्हणून पाण्याची मोटर बंद करू नका, त्याला कायद्यानं मनाई आहे. (अकरा महिन्यांचाच करार हा हट्ट आता नुसत्या सवयीचा. वर्षाच्या आत असला की नोंदणी लागत नाही, अशी जुनी सोय होती. नव्या कायद्यात अकरा महिन्यांचाही नोंदवावाच लागतो.) आणि आधीच्या घरमालकाला जरूर भेटा. फक्त एक ध्यानात ठेवा: ज्याला भाडेकरू घालवायचा असतो, तो त्याची तोंड भरून स्तुती करतो.

या सगळ्याला फार तर अर्धा दिवस लागतो. मग जागा बघायला आलेल्या माणसाला आपण दीड तास काय विचारत असतो?

सांगलीच्या गावभागातले आमचे एक नाना आहेत. खाली स्वतः राहतात, वरच्या दोन खोल्या भाड्यानं देतात. एकदा कॉलेजात शिकवणारा एक तरुण जागा बघायला आला. त्यानं नाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं आणि थांबला. नाना पुढच्या शब्दाची वाट बघत राहिले.

"आडनाव?"

"लावत नाही."

झालं! नानांच्या अंगात फौजदार संचारला. मूळ गाव कोणतं? मिरजेजवळचं. कुलदैवत? वडिलांना विचारावं लागेल. आईचं माहेर? कऱ्हाड. शेवटी नानांनी हुकमाचं पान टाकलं, "गावात घर ओढ्याच्या अलीकडे की पलीकडे?"

"ओढा बुजवलाय आता," तो म्हणाला.

मग नाना म्हणाले, "आमची काही हरकत नाही हो, पण माईचं जरा सोवळंओवळं असतं."

आतून माईचा आवाज आला, "माझं सोवळं तुमच्याच तोंडी जास्त!"

नाना म्हणाले, "बरं, कळवतो." तो तरुण चप्पल घालता घालता म्हणाला, "मीही कळवतो." नानांना त्याचं आडनाव न कळल्याचं एवढं लागलं नाही, जेवढं हे लागलं.

नानांचं म्हणणं असं, की घर माझं, कर्ज मी फेडलं, मग मर्जी माझी नको? हे मला सहज उडवून लावता येत नाही. एकाच जिन्यावरून जायचं, एकाच टाकीतलं पाणी प्यायचं, तर माणूस बघून घ्यावासा वाटणारच. पण भाडं आडनाव देत नाही, पगार देतो. भिंतीला खिळे कुलदैवत ठोकत नाही. आणि मर्जी एका घराची असते तोवर तिला मर्जी म्हणावं. अख्ख्या गल्लीची मर्जी एकच निघाली, की ती गावाची वेस होते. मग त्या तरुणानं शिकवायचं शहरात आणि राहायचं ओढ्यापलीकडे.

ही वेस किती जुनी आहे, ते साताऱ्याला विचारावं. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथल्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भीमराव आंबेडकरांचं नाव दाखल झालं. अमेरिकेत आणि लंडनला शिकून ते १९१७ साली बडोद्याच्या नोकरीवर गेले, तेव्हा राहायला जागा मिळेना. एका पारशी सराईत पारशी नाव लिहून राहावं लागलं. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली मंडळी आली आणि संध्याकाळच्या आत जागा सोडायला सांगून गेली. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. आपण निदान अकरा महिने तरी देतो!

त्याच साताऱ्यात १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृह काढलं. सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली राहिली, एका पंगतीत जेवली. गांधीजींनी १९२७ साली येऊन त्याला छत्रपती शाहूंचं नाव दिलं. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी दागिने दिले, मंगळसूत्रही दिलं. अनामत रक्कम घरमालकिणीनं भरल्याचं हे उदाहरण एकमेव असावं.

नानांच्या वरच्या खोल्या पुढे चार महिने रिकाम्या राहिल्या. एका पौर्णिमेला नाना नरसोबाच्या वाडीला गेले असताना, इस्पितळात परिचारिका असलेली एक बाई लेकराला घेऊन आली. माईनं दोनच प्रश्न विचारले: पगार कितीला होतो, आणि रात्रपाळीला बाळ कुणाजवळ ठेवतेस? नाना परतेपर्यंत वर पाळणा बांधला होता. नानांनी आडनाव विचारलं, माई म्हणाली, "करारात लिहिलंय, वाचा." नानांनी वाचलं आणि आठ दिवस माईशी बोलले नाहीत.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णामाईनं आयर्विन पुलाशी सत्तावन्न फूट ओलांडले. पंचेचाळिसाला धोका, वरचे बारा फूट गावात आले. ना करार, ना अनामत. नाना, माई, देवांचा डबा आणि लोणच्याच्या दोन बरण्या जिना चढून वर गेल्या. दार उघडून त्या बाईनं विचारलं, "नाना, चहात साखर चालते ना तुम्हाला?"

सहा दिवस सगळे तिच्या स्टोव्हवर जेवले. पाणी उतरल्यावर त्या महिन्याचं भाडं घ्यायचं की नाही, यावरून खाली चिखल काढता काढता भांडण झालं. माई म्हणाली, लाज वाटू द्या. नाना म्हणाले, भाडं घ्यायचंच, पावती द्यायची, हिशेब तो हिशेब. मग बराच वेळ खराटा चालवून म्हणाले, "यंदाची वाढ मात्र राहू दे."