रान गप्प असतं तेव्हा

कोकणात, सड्याच्या पायथ्याशी एक वाडी होती. वर जांभ्याचा उघडा सडा, खाली माडा-पोफळींच्या बागा आणि मधल्या उतारावर देवराई. देवराईतली वाळकी काटकीसुद्धा कुणी चुलीला आणत नसे. तिथल्या पाल्याला हात लावायची मुभा एकाच म्हातारीला होती. सगळे तिला झाडपाल्याची आजी म्हणत. तानी तिच्याकडे शिकायला गेली तेव्हा नऊ वर्षांची होती.

पहिल्याच संध्याकाळी आजीने तिच्या तळहातावर चिमूटभर अक्षता ठेवल्या आणि तिला एका कुड्याच्या झाडापाशी नेलं.

‘‘याला सांग, उद्या सकाळी तुझी साल न्यायला येते. कशाला हवी, तेही सांग.’’

‘‘झाडाला सांगू?’’

‘‘मग कुणाला गो? कुणाच्या घरी जेवायला जायचं तरी आदल्या दिवशी निरोप धाडतो ना आपण?’’

तानीने सांगितलं. शेजारच्या काकूला आव पडतेय, पोटात मुरडा मारतो, म्हणून साल हवी. मुळाशी अक्षता वाहिल्या. झाड काही बोललं नाही. आजी मात्र मान डोलवत उभी होती, समोरचं माणूस सविस्तर काही सांगत असावं तशी. सकाळी तिने कोयतीच्या टोकाने वीतभर साल काढली, तीही एकाच बाजूची.

‘‘खोडाभोवती पूर्ण सोललीस तर झाड मरतं,’’ ती म्हणाली. ‘‘काकूचं पोट बरं करायला कुड्याचा जीव नाही घ्यायचा.’’ आणि उघड्या पडलेल्या जागेवर तिने बोटांनी शेणमाती लिंपली, लेकराच्या गुडघ्याला हळद लावावी तशी.

तानीला झाडं ऐकू यायला दीड वर्ष लागलं. आधी आवाज आला तो अडुळशाचा. घोगरा, जरा दमलेला, साऱ्या गावाचा खोकला त्यानेच आपल्या छातीत साठवलाय असं वाटावं. मग गुळवेल. तिची बडबड एका झाडावरून दुसऱ्या झाडावर चालायची. तोडून परसात टांगून ठेवली तरी ती हिरवीच राहायची, खाली मुळं सोडायची आणि बोलायची थांबायची नाही. (गुळवेल अशी टांगून कुणीही पाहावी. बोलणं ऐकू आलं नाही तरी तिचं जगणं डोळ्यांना दिसेल.) मुरुडशेंग आपल्या पिळलेल्या शेंगांसारखीच फिरून फिरून बोले. निगडी म्हाताऱ्या बाईसारखी आधी सांध्यांचं दुखणं विचारी आणि मग पाला देई. सगळ्यांत गोड आवाज होता कळलावीचा. पावसात तिला ज्वाळांसारखी लाल-पिवळी फुलं आली की ती तानीला हाका मारायची.

‘‘तिच्याशी बोल, पण कंदाला हात लावू नको,’’ आजीने बजावलं. ‘‘तो कंद पोटात गेला तर माणूस जातो.’’

एकदा आजीने विचारलं, ‘‘भारंगी काय म्हणाली?’’ तानीचं लक्ष त्या दिवशी खारीकडे होतं. तिने काही ऐकलं नव्हतं, पण ती म्हणाली, ‘‘घेऊन जा म्हणाली.’’

आजीने टोपली खाली ठेवली. ‘‘तिने तोंडही उघडलं नाही,’’ ती शांतपणे म्हणाली. ‘‘आज आपण रिकाम्या हाताने जायचं.’’ वाटेत ती रागावली नाही, काही शिकवलंही नाही. पण तापाने फणफणलेल्या पोराची आई दारात वाट बघत होती, आणि ‘‘आज माझ्याकडे औषध नाही’’ हे तिला तानीने सांगायचं होतं. ते एवढंसं वाक्य बोलताना तानीच्या घशाला कोरड पडली. त्या संध्याकाळी ती पुन्हा भारंगीपाशी गेली आणि अंधार पडेपर्यंत बसून राहिली.

अशी चार वर्षं गेली.

दिवाळीच्या आधीचे दिवस होते. सड्यावरचं गवत पिवळं पडलं होतं आणि वाडीतली माणसं कापणीला वर गेली होती. उतरत्या उन्हात आरडाओरडा ऐकू आला. चौघांनी एकाला उचलून आणलं होतं. तो तानीचा बाप होता.

गवताची पेंढी उचलताना दगडाखालचं फुरसं डसलं होतं. फुरसं हा वीत-दोन वितीचा साप. वेटोळ्यावर वेटोळं घासतो तेव्हा खवल्यांचा करवतीसारखा आवाज येतो, पण बापाच्या विळ्याचा आवाज त्याहून मोठा होता. घोट्याजवळ दोन बारीक टोचे दिसत होते. पाय पोटरीपर्यंत सुजला होता. कुणी गुडघ्याखाली सुंभ करकचून आवळला होता. एक जण ब्लेड घेऊन उभा होता.

सगळं अंगण भरलं. ‘‘आजी, मुळी द्या,’’ ‘‘पाला वाटा,’’ ‘‘तानी, चार वर्षं शिकतेस ना गो? आता बापासाठी काढ काहीतरी.’’ तानीची आई नुसती तिच्याकडे बघत होती. ते बघणं सगळ्या आवाजांपेक्षा मोठं होतं.

तानी देवराईत धावली. आज आदल्या दिवशीचा निरोप नव्हता, हातात अक्षता नव्हत्या. तिने कुड्याला विचारलं. अडुळशाला विचारलं. निगडीला, सातविणीला, वावडिंगाला, जमिनीलगतच्या माक्याला विचारलं. कधी न थांबणारी गुळवेल थांबली होती. कळलावी वाळून जमिनीखाली गेली होती, तिथूनही हाक आली नाही. वारा होता, पण पान वाजत नव्हतं. झाडं रुसलेली नव्हती. ती तिच्याकडे बघत होती आणि त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं.

परत येताना वाटेवरचा ओळखीचा पाला तिने मूठभर ओरबाडला. कसला, ते तिलाही सांगता आलं नसतं. रिकाम्या हाताने त्या अंगणात पाऊल टाकायचं तिचं धाडस होत नव्हतं, इतकंच.

आजी पायरीवर उभी होती. तिने तानीची मूठ पाहिली.

‘‘रान काय म्हणालं?’’

अंगण गप्प झालं. सगळ्यांचे डोळे त्या मुठीवर होते.

‘‘काही नाही म्हणालं,’’ तानी म्हणाली आणि तिने मूठ उघडली. पाला खाली पडला.

‘‘मलाही तेच ऐकू आलं,’’ आजी मोठ्याने म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. ‘‘याच्यावर माझ्याकडे औषध नाही. ब्लेड ठेव रे ते. तो सुंभ आणखी आवळू नका. त्याला चालवू नका, पाय हलू देऊ नका. दोन बांबूच्या कांबी आणा, पायाला बांधा. आणि जीप बोलवा.’’

कुणीतरी पुटपुटलं, ‘‘साठ वर्षं औषध देतात आणि आज नाही म्हणतात.’’ अंगणातली ती माणसं काही वाईट नव्हती. जवळचं माणूस डोळ्यांदेखत सुजत असताना ‘काहीतरी’ करावंसं वाटतंच, आणि वाटलेला पाला हातात दिसला की जिवाला बरं वाटतं. तेवढ्यात जो वेळ जातो, तो मात्र दिसत नाही.

जीपमध्ये तानीने बापाचं डोकं मांडीवर घेतलं होतं. त्याच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं होतं. आजी पायाशी बसली होती.

‘‘माझे सासरे माझे गुरू,’’ ती हळूच म्हणाली. ‘‘माझ्या धाकट्या दिराला फुरसं डसलं तेव्हा त्यांनाही काही ऐकू आलं नव्हतं. पण अंगण भरलं होतं. त्यांनी वाटला पाला. पहाटेपर्यंत वाटत होते.’’ त्यानंतर दवाखाना येईतो ती काही बोलली नाही.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी बापाचं थोडंसं रक्त काचेच्या कोरड्या नळीत घेतलं आणि नळी टेबलावर उभी करून ठेवली. ‘‘वीस मिनिटं हिला कुणी हात लावायचा नाही,’’ त्या म्हणाल्या. तानीला ते नवं नव्हतं. न बोलणाऱ्या गोष्टीसमोर थांबून राहायला ती चार वर्षं शिकली होती. वीस मिनिटांनी बाईंनी नळी तिरकी केली. रक्त आतापर्यंत गोठून घट्ट व्हायला हवं होतं. ते पाण्यासारखं एका कडेला वाहून गेलं.

मग कुप्या आल्या, दहा. प्रत्येकीच्या तळाशी पांढरी भुकटी. बाई तीत पाणी घालून कुपी हलक्या हाताने फिरवत होत्या.

‘‘हे कुठल्या झाडाचं?’’ तानीने विचारलं.

‘‘झाडाचं नाही, घोड्याचं,’’ बाई हसल्या. ‘‘नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, या चौघांचं विष घोड्याला थोडं थोडं टोचतात. त्याला सोसेल इतकंच. हळूहळू त्याचं रक्त विषाशी लढायला शिकतं. त्या रक्तातून हे औषध काढतात. आपल्या मुंबईला परळच्या हाफकिन संस्थेनेही हे बनवलंय.’’

बाई सलाईन लावायला वळल्या तशी तानीने एक कुपी कानाशी धरली. आत, खूप दुरून, टापा वाजत होत्या. कुणीतरी ओल्या मातीवरून सावकाश चालत येत होतं. तानीने आजीकडे पाहिलं. आजी डोळे मिटून मान डोलवत होती.

सहा तासांनी बाईंनी पुन्हा रक्त घेतलं. पुन्हा नळी, पुन्हा वीस मिनिटं. मध्यरात्र उलटून गेली होती. बाहेर व्हरांड्यात आई भिंतीला टेकून बसली होती. बाईंनी नळी तिरकी केली, मग आणखी तिरकी, मग पार उलटी केली. रक्त जागचं हललं नाही.

बाप पाचव्या दिवशी लंगडत घरी आला. त्याच संध्याकाळी वाडीतल्या एका पोराचं पोट बिघडलं आणि आजीने तानीच्या हातावर अक्षता ठेवल्या. तानी देवराईत गेली, कुड्याला निरोप सांगितला, आणि तो काय म्हणाला ते नीट ऐकून घेतलं. हातात चार दाणे मुद्दाम राखले होते. ते घेऊन ती देवराईच्या कडेला आली, जिथून खालची मुंबईला जाणारी सडक दिसते. सडकेकडे तोंड करून तिने ते दाणे गवतात टाकले.

‘‘कुणाला गो?’’ मागून आजीने विचारलं.

‘‘घोड्याला,’’ तानी म्हणाली. ‘‘त्याला आधी निरोप धाडला नव्हता ना.’’